निरोप कशात दडवायचा? सातारा-सांगलीच्या इतिहासातलं आवरण



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील की हा संगणकवाल्यांचा विषय, इतिहासाच्या व्याख्यानात तो कुठून आला? चित्रात गुप्त निरोप लपवायचा असेल तर त्यासाठी चित्र कोणतं घ्यावं, असा हा प्रश्न. शास्त्रात त्याला स्टेगॅनोग्राफी म्हणतात आणि ज्यात निरोप लपवायचा त्याला आवरण. प्रश्न आजचा वाटतो खरा, पण कृष्णाकाठच्या माणसांना तो संगणक येण्याच्या कितीतरी आधी पडला होता. त्यांच्यापाशी फोटो नव्हते, पण हिशेबाचं पत्र होतं, नाटक होतं आणि भर रस्त्यातलं भांडणही होतं. आवरण निवडण्याचे जे नियम आज पुस्तकात लिहिलेले सापडतात, ते या तीन गोष्टींत जवळजवळ सगळे भेटतात. शिवाय पुस्तकात नसलेला एक प्रश्नही भेटतो. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. कूटलेखन वेगळं आणि दडवणं वेगळं. कूटलेखनात पत्र समोर दिसतं, पण वाचता येत नाही. पहारेकऱ्याला कळतं की इथं काहीतरी गुपित आहे, आणि तेवढंच त्याला पुरतं. अर्थ लागला नाही तरी पत्र नेणाऱ्याला तो धरून ठेवू शकतो. दडवण्यात निरोप आहे हेच कळू द्यायचं नसतं. गुस्टाव्हस सिमन्स या अमेरिकन गणितज्ञानं १९८३ साली हे एका सोप्या कोड्यात मांडलं. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. त्यांना पळून जायचा बेत ठरवायचा आहे. एकमेकांना पत्रं पाठवायची मुभा आहे, पण प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी वाचणार. संशय आला की पत्रव्यवहार बंद. मग त्यांनी साध्या दिसणाऱ्या पत्रात बेत घालायचा कसा?

या कोड्यात तिसरा माणूस महत्त्वाचा. आवरण चांगलं की वाईट हे लिहिणारा ठरवत नाही, मिळणाराही नाही. वाटेत उभा राहून पाहणारा ते ठरवतो. म्हणून दर वेळी विचारायचं, की पाहणारा कोण आहे आणि त्याला रोज काय दिसतं?

पहिली गोष्ट पानिपतची. ती आपल्यापर्यंत पोचली त्यात साताऱ्याचा वाटा आहे. १८१८ साली पेशवाई संपली आणि साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह पुन्हा बसले. तिथं कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ १८२२ पर्यंत होता. त्या काळात त्यानं कागद जमवले, जुन्या माणसांकडून माहिती घेतली आणि १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, ते त्यानं त्यात सांगितलं आहे. सावकारी पेढीचा एक कासीद पत्र घेऊन औरंगाबादेकडे निघाला होता. नानासाहेब तेव्हा उत्तरेच्या मोहिमेवर होते. पत्र त्यांच्या हाती पडलं आणि फोडलं गेलं. आत काय, तर हिशेब! दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपं-तांबं किती गेलं त्याची मोजदादच नाही, अशा अर्थाचा.

दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. रुपं आणि तांबं म्हणजे बाकीची फौज. हा प्रसंग आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. आपण तो शोकाची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. आज मात्र त्याकडे थोडं वेगळ्या नजरेनं पाहू. सावकारानं हिशेबच का निवडला? कारण सावकाराच्या कासिदाकडे हिशेबच असायचा. त्याच्या थैलीत भक्तिपर ओव्या निघाल्या असत्या, तर चौकीवरचा माणूस चमकला असता. शिवाय मोहरा, रुपये, तूट, नफा ही पेढीच्या पत्रातली रोजची भाषा. आकडे रोज बदलतात, म्हणून कुठलाही आकडा विचित्र दिसत नाही. सत्तावीस का, तीस का नाही, असं कोणी विचारत नाही.

मग नानासाहेबांना अर्थ कसा कळला? त्यांच्याकडे दुसरी माहिती होती. उत्तरेत आपली फौज कोंडीत आहे, घरातली दोन माणसं तिथं आहेत, आणि बरेच दिवस खबर नाही, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. वाटेवरच्या परक्या शिपायाला पुरेसं होतं ते आवरण, ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ त्या रणावर होते त्याच्यापुढं टिकलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पुण्यात पर्वतीवर वारले. इथून पहिला नियम घेऊ. आवरण पाहणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचं हवं, आणि त्यात सहज बदलणाऱ्या गोष्टी भरपूर हव्यात.

आता दुसरी गोष्ट, सांगलीची. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' तिथंच, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं केलं. त्याच सांगलीत १८७२ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. पुढं ते 'केसरी'त गेले, टिळकांचे निकटचे सहकारी झाले, आणि १९०७ साली त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं.

कथा महाभारतातली. विराटाच्या दरबारात पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री होऊन राहिली आहे, कीचक तिच्यामागं लागतो, युधिष्ठिर थांबा म्हणतो आणि भीम त्याला ठार करतो. पण नाटकगृहात बसलेल्या लोकांना दिसत होतं ते वेगळंच. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. कोणी कोणाचं नाव घेत नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती.

आवरण म्हणून पौराणिक कथा का निवडली? १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यापासून सरकार म्हणत आलं होतं, की रयतेच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. वर्तमानपत्रातला लेख पकडता येतो, संपादकाला शिक्षा करता येते. १९०८ साली टिळकांची मंडालेला रवानगी झाली ती लेखांवरूनच. पण महाभारत कसं पकडणार? खुद्द व्यासांवर खटला भरायचा काय? निवड चतुराईची होती, आणि तरीही ती टिकली नाही. 'टाइम्स'चा बातमीदार व्हॅलेंटाइन चिरोल यानं १९१० साली छापलेल्या पुस्तकात कोणतं पात्र म्हणजे कोण, ते उघड लिहून टाकलं. त्याच वर्षी सरकारनं १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली नाटकावर बंदी घातली.

कुठं बिनसलं? इथं आजच्या शास्त्रातला एक नियम फार उपयोगी पडतो. ज्याचं मूळ पाहणाऱ्यापाशी आहे, असं आवरण घेऊ नये. मूळ आणि तुमची प्रत त्यानं शेजारी शेजारी ठेवली, की जिथं फरक तिथं निरोप. महाभारत तर सगळ्यांच्या घरात होतं. नाटकातला कीचक मूळ कथेपेक्षा कुठं जास्त तोऱ्यात बोलतो, राज्यकर्त्याची भाषा कुठं वापरतो, हे प्रेक्षकाला नेमकं कळायचं, कारण मूळ कथा त्याला पाठ होती. प्रेक्षकाला कळायचं तेच सरकारच्या दुभाष्यालाही कळायचं. तोही इथलाच माणूस, त्याचीही आजी त्याला तीच गोष्ट सांगत आलेली!

अर्थात खाडिलकरांना हे ठाऊक नसेल असं समजायचं कारण नाही. हजार लोकांना एकाच रात्री निरोप द्यायचा, तर मूळ कथा सगळ्यांना माहीत असलेलीच हवी. हे आवरण लपण्यासाठी कमी आणि नाकारण्यासाठी जास्त होतं. आम्ही तर पुराणच सांगतोय, असं म्हणायची सोय ठेवायची. तीन वर्षं ती सोय चालली, आणि तेवढ्या काळात नाटक पुष्कळ लोकांनी पाहिलं. म्हणजे निवडताना हेही ठरवावं लागतं, की निरोप एकाला द्यायचा आहे की हजारांना, आणि तो किती दिवस झाकलेला राहायला हवा.

तिसरी गोष्ट १९४३ ची. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके त्यात होते, आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होतं. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. या मोठ्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ प्रतिसरकार चाललं. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. नाना पाटील स्वतः १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, सरकारच्या हाती लागले नाहीत.

असं सरकार चालवायचं तर निरोप लागतातच. आज बैठक कुठं, पोलिसांची गाडी कुठून निघाली, शस्त्रं कुठं ठेवली. टपाल आणि तार दोन्ही सरकारच्या हातात. मग निरोप माणसांनीच न्यायचे. माणूस चालत जाणार, वाटेत पोलीस त्याला पाहणार. म्हणजे आता माणूसच आवरण झाला.

नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी एक प्रसंग उतारवयात सांगितला, तो अनेकांनी वाचला असेल. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या भवानीनगरला पोलीस ठाण्यासमोर त्यांना एक माणूस मारू लागला. पाहणाऱ्यांना वाटलं नवरा-बायकोचं भांडण. प्रत्यक्षात तो चळवळीतला सहकारी होता. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात बाकीच्या साथीदारांनी ठाण्यातली शस्त्रं नेली.

हे आवरण कसं निवडलं असेल, पाहा. परका माणूस ठाण्यासमोर उगाच उभा राहिला असता तर हटकला गेला असता. घोषणा दिल्या असत्या तर बंदुका बाहेर आल्या असत्या. पण नवरा बायकोला मारतोय, हे दृश्य त्या काळच्या पोलिसाला इतकं ओळखीचं होतं, की त्यात काही दडलेलं असेल असा संशयही आला नाही. रोजचं दिसणं, बदलत्या तपशिलांची गर्दी, मूळ प्रत कुणाकडे नाही. प्रत्येक घरचं भांडण वेगळंच असतं. तीनही कसोट्यांना ते उतरलं.

इथं थोडं थांबायला हवं. त्याच प्रतिसरकारची न्यायदान मंडळं बायकांना छळणाऱ्यांना शिक्षा करत होती. म्हणजे चळवळीनं समाजाचा जो दोष मोडायला घेतला होता, त्याच दोषाचं आवरण करून वापरलं. चांगलं आवरण सापडतं ते अशा जागी, जिथं समाजानं पाहायचं सोडून दिलेलं असतं. भाकरी घेऊन शेतावर जाणारी बाई, गुरं वळणारं पोर, मळकट धोतरातला म्हातारा, यांच्याकडे पोलीस पाहत नाही. तो पाहतो इस्त्रीच्या खादीकडे.

आता चित्राकडे वळू. निरोप लपवलेली चित्रं संगणकाच्या आधीही होती. स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं १९१५ च्या पुस्तकात सांगितलं आहे, की तरुणपणी हेरगिरी करताना तो फुलपाखरं जमवणारा म्हणून हिंडायचा आणि किल्ल्याचा नकाशा फुलपाखराच्या पंखांवरच्या रेघांत काढायचा. त्याच्या आवरणाला इंग्रज छांदिष्टाची ओळख कामी आली. आपल्या कासिदाला फुलपाखरांची वही शोभली नसती.

संगणकातलं चित्र म्हणजे लहान लहान ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, शून्य ते २५५ मधले. एखादा आकडा १४२ चा १४३ केला तर डोळ्याला काही कळत नाही. या शेवटच्या बारीक फरकात निरोप भरतात. १२०० बाय १००० चं चित्र घेतलं तर १२ लाख ठिपके, म्हणजे ३६ लाख जागा. देवनागरीची अक्षरं त्यात सुमारे दीड लाख मावतात. आजच्यासारखी दहाएक व्याख्यानं एका फोटोत बसतील. पण बसतात म्हणून बसवायची नसतात.

चित्र कोणतं घ्यायचं, ते आता आपल्या तीन गोष्टींवरून सहज कळेल. कासच्या पठारावर फोटो काढला आणि अर्धा फोटो कोरं पांढरं आकाश असेल, तर तो नको. आकाशात शेजारचे ठिपके एकसारखे असतात, तिथं केलेली लुडबूड मोजणीत उघडी पडते. त्यापेक्षा त्याच पठारावरची गवतात मिसळलेली फुलं जवळून घ्या, किंवा सांगलीच्या बाजारातली हळकुंडांची रास घ्या. तिथं प्रत्येक ठिपका शेजाऱ्यापेक्षा वेगळा. सावकाराच्या हिशेबातल्या आकड्यांसारखा.

इंटरनेटवरून राजा रविवर्म्याचं चित्र उतरवून त्यात निरोप घालू नका. तेच चित्र हजार ठिकाणी आहे, कोणीही शेजारी ठेवून पाहील. 'कीचकवधा'चं झालं तेच होईल. फोटो स्वतः काढलेला असावा, कुठं न छापलेला, आणि निरोप घातल्यावर मूळ प्रत पुसून टाकावी. एकच फोटो दोनदा वापरू नये, नाहीतर त्या दोन प्रतीच एकमेकींची चुगली करतात. आधीच दाबून लहान केलेला फोटो टाळावा, कारण दाबण्याच्या रीतीचे ठरावीक ठसे त्यात असतात, आणि निरोप घातला की ते मोडलेले दिसतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर तो वाटेत पुन्हा दाबला जातो आणि या रीतीनं घातलेला निरोप विस्कटतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि भार कमी ठेवायचा. १९९९ साली अँड्रियास वेस्टफेल्ड आणि अँड्रियास फित्समान या दोन जर्मन संशोधकांनी दाखवलं, की चित्र निरोपानं काठोकाठ भरलं तर जोडीजोडीचे आकडे संशयास्पद रीतीनं सारख्या संख्येनं येऊ लागतात. डोळ्याला दिसत नाही, मोजणाऱ्याला दिसतं. बैलगाडीत कडबा नेताना तळाशी दोन बंदुका ठेवता येतात. वीस ठेवल्या तर गाडीचं चाकच बोलतं.

एवढं सगळं पुस्तकात मिळेल. सुरुवातीला ज्या प्रश्नाचा उल्लेख केला तो पुस्तकात नाही. निरोप पोचल्यावर आवरणाचं काय होतं?

फोटोच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, पुसून टाकतात. माणसाच्या बाबतीत काय? स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना १९७२ साली सुरू झाली. तिच्या नियमांत तुरुंगवास साधारण सहा महिन्यांचा हवा, बायकांसाठी तीन महिन्यांचा. भूमिगत असाल तर फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, डोक्यावर इनाम लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा पुरावा हवा. नियमाला काहीतरी आधार लागतोच, तो सरकारी कागदाचा घेतला. पण विचार करून पाहा. जिच्या टोपलीतला निरोप कधी सापडला नाही, जिचं नाव पोलिसांना कधी कळलं नाही, जिच्यावर वॉरंट निघालं नाही, ती आपल्या कामात पुरी यशस्वी झाली. आणि तिच्यापाशी एकही कागद नाही. पकडला गेलेल्याचा पुरावा तुरुंगाच्या दप्तरात आहे. न पकडली गेलेलीचा कुठंच नाही.

इतिहास लिहिणाऱ्यांपुढची ही खरी अडचण आहे. आपण दप्तरं वाचतो. दप्तर पाहणाऱ्यानं लिहिलेलं असतं, पहारेकऱ्यानं, पोलिसानं, न्यायाधीशानं. ज्याला जे दिसलं नाही, ते त्याच्या दप्तरात येणार नाही. त्यामुळे ज्या माणसांवर समाजाची नजर ठरत नव्हती आणि म्हणून ज्यांना आवरण म्हणून निवडलं गेलं, ती इतिहासातही दिसेनाशी होतात. हौसाबाईंचा प्रसंग आपल्याला कळला तो त्यांनी स्वतः सांगितला म्हणून, आणि ऐकणाऱ्यानं लिहून घेतला म्हणून. त्या २०२१ साली वारल्या, पंचाण्णव वर्षांच्या होऊन. त्यांच्या पिढीतलं आता फारसं कोणी उरलेलं नाही.

पण त्यांच्या मुली आहेत, सुना आहेत, नातवंडं आहेत. वाळवा, तासगाव, खानापूर, कराड, कोरेगाव या पट्ट्यात हे ऐकणारे कितीतरी जण असतील. घरात कधी कोणी सहज बोलून गेलं असेल, की आजी रात्री दोन भाकऱ्या जास्त थापायची, किंवा अमक्या गावाला मीठ द्यायला जायची. मीठ द्यायला कोणी चार कोस जातं का? असं काही आठवत असेल तर लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घाला आणि गावातल्या वाचनालयात एक प्रत द्या. चळवळीशी त्याचा संबंध होता की नव्हता, ते पुढं कोणीतरी ताडून पाहील. पण ताडायला आधी काहीतरी कागदावर हवं.

आज इथं थांबू या. नमस्कार.